तोंडी परीक्षा

"मे महिन्यात कूलर बंद? बळीराम, मले जेवाले बोलावलं का भाजाले?"

कांताआत्या भिलाई-३हून ऑटोनं आल्या होत्या आणि दारातच पदरानं मान पुसत उभ्या राहिल्या. बळीरामांच्या त्या थोरल्या बहीण, त्यामुळे भावाला असं सुनावायची मुभा या घरात फक्त त्यांनाच होती.

"घंटाभराची गोठ हाय, बाई," बळीराम म्हणाले. "गौरवची परीक्षा हाय लॅपटॉपवर. कूलर सुरू असला का तिकडच्या मॅडमले आयकू येत नाही."

"घरात बसून परीक्षा?"

"तोंडी. शेवटची. हे झाली का पोरगा एम.ए. झाला समज."

एम.ए. म्हणताना बळीरामांचा आवाज आपोआप जड झाला. गोंदियाकडची शेती सोडून त्यांचे वडील भिलाईला आले, ते स्टील प्लांटमध्ये लागले, मग बळीराम लागले आणि निवृत्त होईस्तोवर क्रेनवरच राहिले. या घराण्यात बी.ए.च्या पुढे अजून कोणी गेलं नव्हतं. गौरवच्या विषयाचं नाव काही त्यांच्या जिभेवर बसलं नाही, इन्स्ट्रक्शनल डिझाइन. कोणी विचारलं की ते सांगत, "शिकवायचं कसं, ते शिकायचं. आता सारं फोनवरच शिकतेत ना लोक, मास्तर कुठी समोर असते?" रायपूरकडच्या एका कारखान्यात गौरव ट्रेनिंग विभागात होता. ही डिग्री हाती पडली की तो त्या विभागाचा मुख्य होणार, असं साहेबांनी तोंडानं सांगितलं होतं. म्हणून बळीरामांनी मरोद्याच्या जुन्या शेजाऱ्यांनाही दुपारी पेढे खायला बोलावून ठेवलं होतं. निकाल लागायच्या आधीच पेढे आणू नका, असं अन्नपूर्णाबाईंनी म्हणून पाहिलं. ते काही त्यांनी मनावर घेतलं नाही.

अन्नपूर्णाबाई स्वयंपाकघरात पाटोडीचा रस्सा हलवत होत्या. शेजारी त्यांची थोरली मुलगी नूतन आंबे पिळत होती. ती सकाळच्या गाडीनं राजनांदगावहून आली होती.

"रश्मी कुठी गेली वं?" नूतननं विचारलं. "पुऱ्या कोण लाटंल?"

"गौरवजवळ हाय. लॅपटॉपचं काही जोडून देऊन राहिली."

"परीक्षा भावाची, आन् हे तिथी बसून काय करते?"

अन्नपूर्णाबाईंनी दुसऱ्या शेगडीवर चहाचं आधण ठेवलं. नूतनचं आणि भावजयीचं पहिल्यापासून जमलं नव्हतं, आणि आज त्यांना घरात कटकट नको होती. शिवाय रश्मीबद्दल बोलायचं झालं तर त्यांच्याकडे जे होतं ते त्यांनी अजून कोणालाच सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांनी त्यांना इन्सुलिन सुरू केलं तेव्हा त्या धाय मोकलून रडल्या होत्या. साखरेचा आजार जुना, पण गोळी वेगळी आणि सुई वेगळी. सुरुवातीला रश्मीच द्यायची. सकाळी एक, रात्री एक. मग कुठं लग्नाला जायचं म्हटलं तरी सून बरोबर हवी, भावाकडे गोंदियाला चार दिवस राहायचं तर सून बरोबर हवी. त्यांनी जाणंच सोडून दिलं.

एका दुपारी रश्मी फोन घेऊन त्यांच्याजवळ येऊन बसली. "आई, जरा हे पाहून द्या ना. गौरवच्या कॉलेजचं काम आहे. मी नुसतं टाइप करून देते."

फोनमध्ये इन्सुलिनच्या पेनचं चित्र होतं आणि रश्मीचाच आवाज होता. आकडा कसा फिरवायचा, पोटाची चिमूट कशी धरायची, सुई कुठं टोचायची, टोचल्यावर घाई का करायची नाही. मधेच फोन प्रश्न विचारायचा आणि अन्नपूर्णाबाईंनी बोट लावायचं. रश्मी बाजूला बसून त्यांच्या बोटाकडं पाहत राही. त्या कुठं अडखळल्या, कुठं नुसत्याच हो म्हणाल्या, सारं टिपून घेई आणि दुसऱ्या दिवशी धडा बदलून आणी. असं कितीतरी दिवस चाललं. त्या चुकत, रश्मी धडा बदले. "आई, तुमी चुकल्या नाही. माझाच धडा चुकला," असं ती म्हणायची. शिकवणाऱ्यानं असं म्हटलेलं अन्नपूर्णाबाईंनी जन्मात ऐकलं नव्हतं.

चहा झाला. त्यांनी कपबशा ट्रेमध्ये मांडल्या.

"त्याले आता नको नेऊ," नूतन म्हणाली.

"घसा कोरडा पडला असंल त्याचा. दारातून ठेवून येतो."

गौरवच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. बळीरामांनीच ते पूर्ण लावू दिलं नव्हतं; पोराचं बोलणं त्यांना बैठकीत बसून ऐकायचं होतं. अन्नपूर्णाबाईंनी खांद्यानं दार ढकललं आणि त्या उंबऱ्यातच थबकल्या.

गौरव टेबलाशी बसला होता, इस्त्रीचा पांढरा शर्ट, भांग पाडलेला. समोर लॅपटॉप, त्यात चष्मा लावलेल्या एक मॅडम. आणि लॅपटॉपच्या पलीकडे, जिथं त्या मॅडमना दिसणार नाही अशा जागी, रश्मी फरशीवर मांडी घालून बसली होती. मांडीवर कोऱ्या कागदांचा गठ्ठा, हातात जाड मार्कर. ती भराभर लिहून एकेक कागद डोक्यावर धरत होती.

वायर धरून बसली असंल, असंच अन्नपूर्णाबाईंना आधी वाटलं. मग लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत त्यांना गौरवचे डोळे दिसले. डोळे मॅडमवर नव्हतेच, कागदावरून डावीकडून उजवीकडं सरकत होते.

"पहले ड्राफ्ट में गलत जवाब पर लाल निशान आता था," मॅडम विचारत होत्या. "बाद में आपने लाल पूरा हटा दिया. क्यों?"

रश्मीनं लिहिलं. कागद वर गेला.

"मैडम, हमारी जो लर्नर थीं, उनके लिए लाल मतलब कुमकुम. शुभ. लाल दिखा कि वो खुश हो जाती थीं, उनको लगता था जवाब सही है. तो हमने निशान हटाकर आवाज़ रखी. आवाज़ कहती है, फिर से देखिए, जल्दी नहीं है."

"बहुत बढ़िया," मॅडम म्हणाल्या. "ये किसी किताब में नहीं मिलता."

लाल म्हणजे कुंकू, ते वंगाळ कसं असंल वं? हे अन्नपूर्णाबाई स्वतःच बोलल्या होत्या, ओट्याशी बसून, आणि रश्मी खळखळून हसली होती. ते बोलणं आता त्यांच्या पोराच्या तोंडून बाहेर पडत होतं, आणि पोराला ते कागदावरून वाचावं लागत होतं. टायपिंग नव्हतं ते. दोन वर्षांत कधीच टायपिंग नव्हतं.

"इनके बारे में और बताइए," मॅडम म्हणाल्या. "ये पहली लर्नर कौन हैं?"

रश्मी लिहायला वाकली. पण गौरवला आता रंग चढला होता. शाबासकी मिळाली होती. कागद वर यायची त्यानं वाट पाहिली नाही.

"वो मैडम, हमारे यहाँ काम करने आती थीं. झाड़ू-पोंछा, बर्तन. बिलकुल अनपढ़. सुई देखकर रोती थीं बेचारी. मैंने ही धीरे-धीरे सिखाया."

रश्मीचा हात जागच्या जागी थांबला.

तिनं मान वर केली. आणि गौरवच्या मागं, दारात, ट्रे घेऊन उभी असलेली सासू तिला दिसली. मग रश्मीनं मार्करला टोपण लावलं, अर्धा लिहिलेला कागद उलटा करून फरशीवर ठेवला आणि हात मांडीत घेऊन बसली.

"अच्छा," मॅडम लिहून घेत म्हणाल्या. "जिस दिन उन्होंने पहली बार खुद इंजेक्शन लिया, आप वहाँ थे? क्या हुआ था उस दिन?"

गौरवची नजर खाली गेली, जिथं कागद यायचा तिथं. कागद आला नाही. तो हसला. पुन्हा खाली पाहिलं.

"उस दिन... मतलब, नॉर्मल था मैडम. लिया उन्होंने."

त्या दिवशी काय झालं होतं ते अन्नपूर्णाबाईंना श्वासासकट आठवत होतं. सुई आत गेली, बाहेर आली, आणि दुखलंच नाही. त्या आधी हसल्या आणि मग रश्मीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या. त्याच आठवड्यात त्या एकट्या गाडीत बसून गोंदियाला गेल्या. स्टेशनवर गौरवच सोडायला आला होता. इन्सुलिनचं कसं करशील, असं त्यानं विचारलं नव्हतं. आता त्यांना कळलं, का विचारलं नव्हतं. ते त्याला आठवलंच नव्हतं.

"आपके पीछे कोई खड़ी हैं," मॅडम म्हणाल्या.

गौरव गर्रकन वळला. "आई, अभी नहीं यार! नंतर. मैडम, सॉरी, मेरी मदर हैं."

"नमस्ते माताजी."

अन्नपूर्णाबाई पुढं झाल्या. ट्रे टेबलावर ठेवला. लॅपटॉपमधल्या त्याच चौकटीत आता त्यांना आपलाच चेहरा दिसला, घामानं निथळणारा, कुंकू ओघळलेलं.

"मैडम जी," त्या म्हणाल्या, "वो बाई मैं हूँ. सुई देखके रोने वाली. मैं इसकी माँ हूँ."

मागं पडदा हलला. बळीराम येऊन उभे राहिले होते, त्यांच्यामागं नूतन आणि कांताआत्या.

मॅडमनी चष्मा काढला. "तो ये सब आपको इन्होंने सिखाया?"

फरशीवर बसलेली रश्मी जोरजोरानं मान हलवत होती. नको. नका सांगू. गौरवचा चेहरा कागदासारखा झाला होता. या पोराच्या विरुद्ध परक्या माणसासमोर एक शब्द अन्नपूर्णाबाई आजवर बोलल्या नव्हत्या. शाळेतल्या तक्रारी त्यांनी पोटात घातल्या होत्या, नोकरीतल्या घातल्या होत्या. आताही नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"इसने नहीं," त्या म्हणाल्या. "बहू ने. यहीं बैठी है. पूरा उसी ने किया है."

बोलून झाल्यावर त्यांना स्वतःचाच धक्का बसला. हे वाक्य तोंडातून बाहेर पडेपर्यंत ते आपण बोलणार आहोत हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

गौरवनं लॅपटॉप फाडकन मिटला.

ट्रेमधला चहा हिंदकळून बशीत सांडला होता. मग बळीरामांचा आवाज आला, इतका हळू की तो त्यांचा वाटलाच नाही.

"काय केलं तू हे, अन्नपूर्णे?"

"मेरा सब खतम कर दिया," गौरव म्हणाला. तो ओरडला नाही. "सब. आई, समजते का तुले? थे मॅडम आता रिपोर्ट करन. डिग्री गेली. ऑफिसमधी काय तोंड दाखवू?"

"खोटं नव्हतं ना बोलायचं, बापा," अन्नपूर्णाबाई पुटपुटल्या.

आणि मग जे झालं त्याची त्यांनी कल्पनाही केली नव्हती. रश्मी उठली आणि त्यांच्यावरच उसळली.

"तुमी कावून बोलल्या, आई? मी नाही नाही म्हणून राहिली होती ना!"

"तू कागद खाली ठेवला ना वं..."

"रागानं ठेवला! त्यांनी तुमाले कामवाली म्हटलं म्हणून ठेवला. दोन मिनिटांनी मीच उचलला असता. मी रोज रागावते आणि रोज उचलते!" तिचा आवाज चिरकला. "पहिला पेपर त्यांना जमेना म्हणून मी लिहिला. एकच म्हणाले होते. मग दुसरा. मग मलेच आवडायला लागलं. कोणी वाचून राहिलं होतं ना माझं लिहिलेलं, नाव कोणाचंही असो. आता त्यांचं गेलं, आणि मले काय भेटलं? चोरी तर मी बी केली."

आपण सुनेची बाजू घेतली असं अन्नपूर्णाबाईंना वाटत होतं. सुनेनं ती बाजू मागितली तरी होती का, हे त्यांनी पाहिलंच नव्हतं.

"पण मी म्हणतो, चुकलं काय याच्यात?" कांताआत्या मधेच बोलल्या. "नवऱ्याचं काम बायकोनं केलं. आमी नाही केलं? आमचे हे ड्युटीवरून थकून आले का त्यांचे कागद मीच भरत होती. एवढ्याशा गोठीसाठी सासूनं आपल्या पोराले पाण्यात ढकलाचं?"

सगळ्यांना वाटलं नूतन आत्याचीच री ओढणार. ती भावाची लाडकी, आणि रश्मीवर तिचा राग. पण नूतन खाली वाकून फरशीवरचे कागद गोळा करत होती. एकेक उचलून वाचत होती. लाल, कुमकुम. आवाज़, निशान नहीं. शेवटचा अर्धा कागद तिनं उलटून पाहिला. त्यावर इतकंच होतं: "मेरी सास. मेरी सबसे अच्छी".

"हे सारं तूच लिवलं?" तिनं रश्मीला विचारलं.

"हो."

"पहिल्यापासून?"

"हो, ताई."

नूतन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती तेव्हा तिचं लग्न उरकलं होतं. गौरव बारावीत होता, आणि एका वेळी दोघांच्या शिक्षणाकडं लक्ष देणं होत नाही, असं बळीराम म्हणाले होते. त्या दिवसाबद्दल या घरात कोणी बोलत नसे, नूतनही नाही.

"आत्या," ती आता म्हणाली, "चुकलं हेच. तुमीही भरत होत्या, मीही केलं असतं, आन् कोणाले कायी वाटलं नसतं. हेच चुकलं."

"तू मधी नको बोलू," बळीराम म्हणाले.

"मधी कुठी बोलली बाबा मी? तवाही नाही बोलली."

बळीरामांनी लेकीकडं पाहिलं. एवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. मरोद्याचे पाहुणे आले होते, पेढे खायला.

कोणाला बाहेर जायची हिंमत होईना. शेवटी बळीरामच गेले. खिडकीतून अन्नपूर्णाबाईंना ते पाठमोरे दिसत होते. उन्हात उभं राहून, हात हलवत ते सांगत होते की तिकडचं नेट बंद पडलं, परीक्षा पुढं ढकलली. सारी उमर ज्या माणसानं ड्युटीवर एक मिनिट उशिरा पोहोचल्याचंही खोटं कारण दिलं नाही, तो माणूस फाटकाशी उभा राहून हसत हसत खोटं बोलत होता. पेढ्यांचा डबा मात्र त्यांनी पाहुण्यांच्या हाती दिलाच. घरात तो कोणी खाल्ला नसता.

मेल यायला फार दिवस लागले नाहीत. गौरवचं नाव विद्यापीठानं कमी केलं. काम जिचं होतं ती रश्मी तिथली विद्यार्थिनी नव्हती, म्हणून तो प्रकल्पही कोणाच्याच नावावर धरला गेला नाही. गौरवनं ऑफिसमध्ये स्वतःच जाऊन सांगितलं. नोकरी राहिली, मुख्याची जागा दुसऱ्याला मिळाली. साहेबांनी त्याच्यासमोर दार लावून घेतलं नाही एवढंच, बोलणं मात्र कमी केलं.

रश्मीनं विद्यापीठाला फोन करून विचारलं. स्वतःच्या नावानं प्रवेश घ्यायचा तर घ्या, पण पहिल्या दिवसापासून, जुनं काही चालणार नाही, असं उत्तर आलं. तो फोन झाला तेव्हा बळीराम बैठकीत बसले होते. त्यांनी ऐकलं. नको म्हटलं नाही, हो म्हटलं नाही, उठून झाडांना पाणी घालायला गेले. रश्मीनं अर्ज भरला. नूतन राजनांदगावहून रोज फोन करू लागली, आणि ते फोन आईला नसून रश्मीला असत. दोघी दार लावून बोलत. काय बोलतात हे अन्नपूर्णाबाईंना कोणी सांगितलं नाही.

रश्मी सासूशी बोलायची, पण मोजकं. आणि गौरव तर बोलतच नव्हता. जेवायला येई, ताटाकडं पाहून जेवी, उठून जाई. या घराला जीभच उरली नाही असं अन्नपूर्णाबाईंना वाटे. आपण बरोबर केलं का, हे त्या रोज स्वतःला विचारत आणि रोज वेगळं उत्तर येई.

मग पाऊस लागल्यावरच्या एका सुटीच्या सकाळी त्या फ्रिजमधून पेन काढून ओट्याशी बसल्या होत्या. आकडा फिरवला, पदर बाजूला केला. मागं कोणी उभं असल्याचं जाणवलं. गौरव पाणी प्यायला आला होता आणि गिलास हातात घेऊन थांबला होता.

त्यांनी सुई टोचली. दाबलं. घाई केली नाही.

"आई," तो म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "तू सोता घेते?"

"हो."

"मले वाटलं, थे धडे परीक्षेपुरतेच होते. सुई रश्मीच देते."

"आदी देत होती."

तो तिथंच उभा राहिला. काहीतरी जुळवत असावा. एकटीनं केलेला गोंदियाचा प्रवास, स्टेशन, त्यानंतरचे कितीतरी दिवस. त्याच्या चेहऱ्यावर जे हळूहळू उमटत गेलं, ते अन्नपूर्णाबाईंनी परीक्षेच्या दिवशी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी तो घाबरला होता. धक्का त्याला आत्ता बसत होता.

"मले खरंच माहीत नव्हतं, आई."

अन्नपूर्णाबाईंनी सुई बाहेर काढली.

"थेच तं, बाळा," त्या म्हणाल्या.

गौरवनं गिलास ओट्यावर ठेवला आणि तो त्यांच्या शेजारी फरशीवर बसला.